भात, तांदूळ आणि त्रैराशिक

शाळेतील गुणोत्तराचे पाठ बहुधा पेन्सिली आणि संत्री यांच्या किमतीवरच रेंगाळतात. रायपूरसारख्या भातपिकाच्या प्रदेशात तरी असे होण्याचे कारण नाही. तेथे शेतातून निघालेले धान्य गिरणीत जाईपर्यंत पदोपदी प्रमाण मांडावे लागते.

भरडाईचे उदाहरण घेऊ. शासनाचा भात भरडणाऱ्या गिरणीने १०० किलो भातामागे ६७ किलो कच्चा तांदूळ परत करावा, असे प्रमाण ठरलेले आहे. (उकड्या तांदळासाठी ते ६८ किलो आहे.) आता १०० किलो कच्चा तांदूळ हवा असल्यास भात किती लागेल? पुष्कळ विद्यार्थी १३३ किलो असे उत्तर देतात. भरडताना ३३ किलो घट येते, तेव्हा तेवढा भात अधिक घ्यावा, असा त्यांचा तर्क असतो. ताळा करून पाहावा: १३३ किलो भाताचा तांदूळ सुमारे ८९ किलोच भरतो. अकरा किलोंची ही तूट कोठून आली? ३३ हा भाताचा शेकडा हिस्सा आहे, तांदळाचा नव्हे.

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सांगितलेल्या त्रैराशिकात फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागावयाचे असते. प्रमाण आणि इच्छा या राशी एकाच जातीच्या असाव्या लागतात. येथे प्रमाण ६७ किलो तांदूळ, फल १०० किलो भात, इच्छा १०० किलो तांदूळ. उत्तर सुमारे १४९ किलो भात. राशींपुढे वस्तूचे नाव लिहिण्याची सवय असती, तर वरील चूक सहसा घडली नसती.

मापे बदलली तरी गुणोत्तर टिकते, याचा एक गमतीदार दाखला येथेच सापडतो. महाराष्ट्रात वीस मणांची खंडी होई, छत्तीसगडात वीस काठ्यांची. माप निराळे, एकास वीस हे नाते मात्र तेच.

परंतु ‘दर एकरी’ असे शब्द दिसताच गुणाकार करणे धोक्याचे असते. छत्तीसगडात २०२३-२४ च्या खरीप हंगामात शासनाने एकरी २१ क्विंटलपर्यंत भात खरेदी केला. हमीभावावरील फरकाची रक्कम धरून शेतकऱ्याला क्विंटलमागे ३,१०० रुपये मिळाले. एखाद्याची जमीन १ एकर ६० डिसमिल, म्हणजे १.६ एकर आहे. त्रैराशिकाने ३३.६ क्विंटल, म्हणजे ४० किलोंच्या ८४ गोण्या, असे उत्तर येते. गणित बिनचूक आहे; पण २१ ही खरेदीची कमाल मर्यादा आहे, शेताचे उत्पन्न नव्हे. एकरी १४ क्विंटलच पिकले असेल, तर विकावयास २२.४ क्विंटल, म्हणजे ५६ गोण्याच निघतील. पहिल्या उत्तरावर विसंबून त्याने देणी ठरविली असतील, तर हाती येणारी रक्कम ३४,७२० रुपयांनी कमी पडेल.