भुसा पिशवीत, धूळ छातीत

प्रश्न : माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. कटर, राउटर आणि सँडर दिवसभर चालू असतात. धुळीचा त्रास नको म्हणून डस्ट कलेक्टर बसवला. जमिनीवरचा भुसा कमी झाला, पण संध्याकाळपर्यंत नाक चोंदतं आणि रात्री कोरडा खोकला येतो. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. अ‍ॅलर्जीची गोळी रोज घेऊ, की आणखी मोठं यंत्र आणू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं’ हे वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं आहे. त्रास कामाच्या दिवशी वाढतो आणि सुट्टीत ओसरतो, तेव्हा त्याचं मूळ कामाच्या जागी शोधावं लागतं. गोळीने शिंका थांबतील, धूळ थांबणार नाही. मोठं यंत्र घेण्याची घाईही नको. आहे तेच यंत्र बहुधा कुठेतरी गळत असेल, म्हणून औषधाआधी यंत्राची तपासणी लिहून देतो.

न दिसणारी धूळ

डोळ्यांना दिसतो तो भुसा जड असतो. तो खाली पडतो, झाडूने गोळा होतो. सँडिंगमधून निघणारी बारीक धूळ मात्र वेगळी. तिचे १० मायक्रॉनहून लहान कण नाकाची चाळण ओलांडून पुढे जाऊ शकतात आणि त्यांतले सर्वांत बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. १ मायक्रॉनचा कण स्थिर हवेतही एक मीटर खाली यायला काही तास घेतो. म्हणजे दुपारी केलेल्या सँडिंगची धूळ तुम्ही संध्याकाळी हिशेब लिहितानाही श्वासात घेत असता.

साग, शिसव यांसारख्या लाकडांच्या धुळीने त्वचेची अ‍ॅलर्जी होऊ शकते. अनेक लाकडांच्या धुळीने नाकाची अ‍ॅलर्जी आणि दमा होतो. एमडीएफ आणि प्लायमध्ये लाकडासोबत फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंक असतो, त्यानेही नाक-डोळे चुरचुरतात.

याहून गंभीर धोकाही आहे. इंग्लंडमधलं हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या आतल्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण फर्निचरच्या धंद्यातून फार येताहेत. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवलं. हा आजार दुर्मीळच आहे आणि तो अनेक वर्षं धूळ घेतल्यानंतर होतो. घाबरू नका, पण ‘आमच्या आजोबांनीही हेच काम केलं’ म्हणून दुर्लक्षही करू नका.

गळती कुठे शोधायची?

पंख्याच्या अलीकडची आणि पलीकडची, अशा दोन बाजू आधी लक्षात घ्या.

पंख्याच्या अलीकडे, म्हणजे मशीनपासून पंख्यापर्यंतच्या पाइपमध्ये, हवा आत ओढली जाते. इथे फट असेल तर धूळ सहसा बाहेर येत नाही, पण शहाळ्याच्या नळीला भोक पडावं तशी ओढ वाया जाते. कटरपाशी पकड ढिली पडते आणि धूळ तुमच्या तोंडासमोरच उडते. पाइपमधला वेग घटला की भुसा आडव्या पाइपात साचतो. लाकडाच्या धुळीसाठी हा वेग साधारण सेकंदाला २० मीटर असावा लागतो.

पंख्याच्या पलीकडे, पिशव्यांच्या बाजूला, हवा बाहेर ढकलली जाते. इथली फट जास्त वाईट, कारण गोळा केलेली सर्वांत बारीक धूळ ती खोलीभर फवारते. जमीन स्वच्छ आणि छाती भरलेली, या तुमच्या तक्रारीवरून मला पहिला संशय इथलाच येतो.

तपासणी अशी करा. काळोख झाल्यावर दिवे बंद करून यंत्र सुरू करा. पिशव्यांच्या आणि सांध्यांच्या बाजूने जोरदार टॉर्च तिरपा धरा आणि झोताच्या समोरच्या अंगाने पाहा. दिव्यात थेट पाहू नका. एरवी न दिसणारी धूळ झोतात चमकते. पिशवीच्या पट्ट्याजवळ धुळीचा बारीक थर दिसला, तर गळती तिथेच आहे. ओढीच्या बाजूसाठी काठीला टिश्यू पेपरची पट्टी बांधून सांध्यांजवळून फिरवा. पट्टी आत खेचली गेली की फट सापडली. काही जण यासाठी उदबत्ती वापरतात. ती कृपया वापरू नका. लाकडाची बारीक धूळ पेट घेते, हवेत दाट असेल तर तिचा स्फोटही होतो.

दुरुस्ती

आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

मापाचा घोळ सर्वत्र आढळतो. मशीनचं तोंड बरेचदा १०० मिलिमीटरचं, आणि हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप बाहेरून ११० मिलिमीटरचा. मग कोणी कापड गुंडाळतं, कोणी प्लास्टिकची पिशवी. त्याऐवजी योग्य रेड्युसर किंवा रबरी कपलर लावा आणि दोन्ही टोकांना होज क्लिप आवळा. तारेच्या वेटोळ्याचा लवचीक पाइप असेल, तर क्लिप तारेवर तिरकी बसून खाली फट राहते. तिथे वेटोळ्यासाठीची खास क्लिप वापरा किंवा खाचेत सिलिकॉन भरा.

कायमच्या सांध्यांना सिलिकॉन लावून २४ तास वाळू द्या. जे सांधे साफसफाईसाठी उघडावे लागतात, त्यांना अ‍ॅल्युमिनियमची टेप पुरे. आधी पृष्ठभाग पुसून कोरडा करा. लवचीक पाइप लागेल तेवढाच ठेवा. जे मशीन चालू नाही त्याच्या पाइपवरचं गेट बंद ठेवा, आणि बंद केल्यावर ते खरंच घट्ट बसतं का हेही बघा.

जड भुसा फिल्टरआधीच वेगळा करणारा सायक्लोन असेल, तर खालच्या ड्रमचं झाकण नीट तपासा. पंखा सायक्लोनच्या पुढे असल्यास ड्रमही ओढीखाली असतो. झाकणातून आत शिरणारी हवा खाली बसलेली धूळ पुन्हा वर उचलून फिल्टरकडे नेते. फिल्टर वारंवार तुंबत असेल तर तो धुण्याआधी झाकणाचा गॅस्केट बदला.

पिशवीचा पट्टा खाचेत सरळ बसलाय ना, शिवण उसवली नाही ना, हे पाहा. ३० मायक्रॉनची पिशवी भुसा अडवते, तुमच्या छातीला त्रास देणारी बरीचशी धूळ सोडून देते. शक्य तितकी बारीक, १ मायक्रॉनपर्यंतची पिशवी घ्या. मात्र तेवढ्या बारीक कापडातूनही पुरेशी हवा जाईल इतकं तिचं क्षेत्रफळ असू द्या. पावसाळ्यात दमट धूळ कापडाला चिकटून बसते, त्या महिन्यांत पिशवी अधिक वेळा पाहावी. पिशवी खोलीत कधीच झटकू नका. धातूच्या पाइपांना अर्थिंग करून घ्या.

मास्क आणि डॉक्टर

पिशवी बदलताना आणि हाताने सँडिंग करताना एन-९५ मास्क लावा. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. मास्कचीही गळती असते. नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी वाढलेली असेल तर मास्कच्या कडा चेहऱ्याला टेकतच नाहीत. कामाचे कपडे घरी जाण्याआधी बदला. अंगावरची धूळ कॉम्प्रेसरने उडवण्याची सवय आजच सोडा. विडी-सिगारेटही सोडा.

दुरुस्तीनंतरही त्रास राहिला, तर छातीच्या डॉक्टरांना भेटा आणि व्यवसाय आवर्जून सांगा. श्वास सोडण्याचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर आणून दिवसातून चार वेळा फुंका आणि आकडे लिहून ठेवा. कामाचे आणि सुट्टीचे दिवस मिळून दोन-तीन आठवड्यांची ही वही निदानासाठी फार उपयोगी पडते. धुळीमुळे झालेला दमा लवकर ओळखून धूळ टाळली तर आटोक्यात येण्याची शक्यता जास्त असते. वर्षानुवर्षं गोळ्यांवर ढकलला तर तो मागे लागतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, छाती आवळणं किंवा चालताना दम लागणं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, किंवा एकच बाजू काही आठवडे बंद असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्याच.

तुमच्यासोबत दोन-चार कारागीर असतील, तर त्यांनाही खोकल्याबद्दल विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत. मोठ्या यंत्रावर खर्च करण्याआधी येत्या सुट्टीत टॉर्च घेऊन गळती शोधा आणि बुजवा. नव्या यंत्राचे सांधे ढिले राहिले, तर तेही हीच धूळ खोलीत सोडेल.