ओढ्याच्या प्रकृतीचा शालेय अभ्यास

गावाजवळचा ओढा निरोगी आहे की नाही, हे केवळ पाण्याच्या रंगावरून ठरविता येत नाही. नितळ पाण्यातही प्राणवायू अपुरा असू शकतो. हे ओळखण्याचे शिक्षण ओढ्याच्या काठावरच मिळते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेनेही परिसरातील प्रश्नांच्या अभ्यासास महत्त्व दिले.

दोन जागा, एक वेळ

पावसाळा ओसरल्यावर, पाणी संथ व उथळ असताना हा अभ्यास करावा. गावाच्या वरच्या व खालच्या अंगास एकेक जागा निश्चित करावी आणि दोन्हीकडे तापमान, आम्लता व विरघळलेला प्राणवायू मोजावा. २५ अंश सेल्सिअस तापमानास एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो. पाणी तापले की तो घटतो. शेवाळ दिवसा प्राणवायू निर्माण करते, रात्री वापरते. त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. म्हणून दर खेपेस मोजणीची वेळ एकच ठेवणे अगत्याचे आहे.

पाण्यातील साक्षीदार

रासायनिक चाचणी त्या क्षणापुरते सांगते. दगडाखाली राहणारे जीव मागील काही आठवड्यांची साक्ष देतात. स्टोनफ्लाय, मेफ्लाय व कॅडिसफ्लाय या कीटकांची पिल्ले व अळ्या बहुधा स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्यात आढळतात. याउलट कायरोनोमसच्या तांबड्या अळ्या रक्तातील हिमोग्लोबिनमुळे अल्प प्राणवायूतही तग धरतात. बारीक जाळीने जीव पकडून पांढऱ्या ताटात मोजावेत व पुन्हा ओढ्यात सोडावेत. मात्र उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यात कीटक न दिसणे हा प्रदूषणाचा पुरावा नव्हे.

नोंदींचे मोल

वरच्या जागी भरपूर असलेले जीव खालच्या जागी नाहीसे झाले, तर दोहोंमधील सांडपाण्याचा निचरा, उकिरडा व गुरे धुण्याची जागा तपासणे ग्रामपंचायतीचे कर्तव्य ठरते. ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांच्या आरोग्याचा हा प्रश्न आहे. तथापि, शालेय नोंद म्हणजे पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखला नव्हे. त्यासाठी प्रयोगशाळेत जंतुपरीक्षा हवीच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. त्यांच्या व विद्यार्थ्यांच्या नोंदी ग्रामसभेपुढे एकत्र आल्यास उपाययोजनेस आधार मिळेल.

शिक्षकांनी मुलांना पुराच्या पाण्यात उतरू देऊ नये. पायास जखम असलेल्या मुलास काठावर नोंदवहीचे काम द्यावे. तीच वही वर्षानुवर्षे जपली, तर ती गावाचा मोलाचा दस्तऐवज ठरेल.