मालाचा फोटो: उन्हात, कृष्णधवल आणि स्वच्छ

दूरगावचा व्यापारी आजही पहिल्यांदा माल पाहतो तो फोटोतच. ज्या अंकाची आतली पाने कृष्णधवल छापली जातात त्यात जाहिरात द्यायची असेल, किंवा दरपत्रकाच्या झेरॉक्स वाटायच्या असतील, तर रंगाचा आधार सुटतो. मग कापड विकायचे ते पोत, काठ आणि उजेड-सावलीच्या बळावर. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) ऊन कोणते? भर दुपारचे ऊन कापडावर सरळ पडते व विणकर सपाट दिसते. सकाळी किंवा अस्रनंतर ऊन तिरपे असते. ते एका बाजूने येऊ दिले की प्रत्येक धाग्याची बारीक सावली पडते आणि पोत उठून दिसतो. जरीचा माल मात्र सावलीत घ्यावा. उन्हात जर चमकते आणि नक्षी पांढरी फटक होते.

२) रंगांचा धोका. हिरव्या साडीचा लाल काठ डोळ्याला ठसठशीत दिसतो, पण कृष्णधवलमध्ये दोन्ही रंग जवळपास एकाच करड्या छटेचे होऊ शकतात आणि काठ गायब होतो. फिल्मच्या कॅमेऱ्यावर लाल काच लावली तर लाल उजळ व हिरवा गडद होतो. मोबाईलवर फोटो रंगीत काढावा, नंतर कृष्णधवल करताना लाल व हिरव्याची उजळी वेगवेगळी कमी-जास्त करावी.

३) फोकस. कापड दोरीवर ताणून टांगावे, खालच्या कडेला वजन बांधावे. कॅमेरा कापडाशी समांतर धरावा. तिरका धरल्यास एक बाजू स्पष्ट व दुसरी धूसर येते. थानांची थप्पी घ्यायची असेल तर छिद्र एफ ८ किंवा एफ ११ ठेवावे, म्हणजे पुढचे व मागचे दोन्ही थान स्पष्ट येतात. वारा असेल तर शटर १/२५० पेक्षा मंद नको. मोबाईलची काच आधी पुसावी, विणीवर बोट दाबून फोकस पक्का करावा आणि झूम न करता स्वतः जवळ जावे.

४) मांडणी. एका फोटोत एकच माल असावा. फिक्या कापडामागे गडद भिंत, गडद कापडामागे पांढरी चादर ठेवावी. तारा, बादल्या, चपला हटवाव्यात. काठ अगदी मधोमध न घेता चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवावा. विणीच्या जवळच्या फोटोत शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले तर गिऱ्हाइकाला जाडी-बारकाईचा अंदाज येतो.

५) पांढरा माल. चौकट पांढऱ्या कापडाने भरली की कॅमेरा ते करडे करून टाकतो. अशा वेळी उजेड एक स्टॉप वाढवावा. काळ्या कापडाला तितकाच कमी करावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. जो उजेड पोत दाखवतो, तोच उजेड फिरवला तर तुटलेला धागा लपवतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपल्याला ठाऊक आहे. वरचा सुका दाणा दाखवून आतला ओला विकणे आणि फोटोत दोष झाकून थान विकणे, यात फरक नाही. सेकंड माल असेल तर दोषाचाही फोटो द्यावा व दर त्याप्रमाणे लावावा. पार्सल उघडल्यावर माल फोटोसारखाच निघाला, तर दुसरी ऑर्डर न मागता येते. तिजारतीतली बरकत याच भरवशात आहे.