कातरवेळ आणि शुश्रूषेचा भार

ताणाचा शास्त्रीय विचार बहुधा परीक्षा, नोकरी, कर्ज, अपघात अशा प्रसंगांना धरून केला जातो, कारण या प्रसंगांना सुरुवात असते आणि शेवटही असतो. परंतु घरातील वृद्धाला स्मृतिभ्रंश झाल्यावर त्याची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीवर जो ताण येतो, त्याची सुरुवात नेमकी कधी झाली हे आठवत नाही, शेवट कधी होईल हे सांगता येत नाही, आणि तो शेवट मनात आणणेही पाप वाटते. स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो, हा एकच एक रोग नसून स्मरण, भाषा, दिशाभान आणि निर्णयशक्ती हळूहळू ढासळत जाण्याची अवस्था आहे, आणि अल्झायमरचा आजार हे तिचे सर्वांत मोठे कारण आहे. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख लोकांना ही अवस्था असावी, असा अंदाज 2023मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या या संख्येत त्यांच्यामागे दिवसरात्र उभे असलेले माणूस, मग ती सून असो, मुलगी असो वा पत्नी, मोजले जात नाही, आणि बहुतेक वेळा ते माणूस स्वतःलाही मोजत नाही.

शरीर मात्र मोजत असते. हान्स सेल्ये यांनी 1936मध्ये मॉन्ट्रियल येथील प्रयोगांवरून असे दाखवले, की आघात कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद साधारण एकाच वाटेने जातो: प्रथम धोक्याची जाणीव होऊन सारे शरीर सावध होते, मग ते नेटाने प्रतिकार करते, आणि आघात थांबलाच नाही तर अखेरीस थकून कोसळते. यांतील मधली अवस्था सर्वांत फसवी असते, कारण त्या काळात माणूस बाहेरून धडधाकट दिसते, सगळी कामे वेळेवर उरकते, आणि लोक त्याच्या सहनशक्तीचे कौतुक करतात; पण आत मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त काळ पाझरत राहते, त्यामुळे झोप उडते, रक्तदाब चढतो आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम करून ती किती दिवसांत भरते हे पाहिले, तेव्हा त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. मनावरचे ओझे मनातच राहते, हा समज या एका निरीक्षणाने पुरता मोडून पडतो.

प्रस्तुत लेखिकेने आपल्या सासूबाईंची शुश्रूषा साताऱ्यातील राहत्या घरी सहा वर्षे केली, आणि त्यांपैकी पहिल्या चार वर्षांतील चुका येथे नोंदवण्याचे कारण इतकेच, की त्या चुका चांगुलपणाच्या पोटीच घडल्या होत्या, त्यामुळे त्या चुका आहेत हे ओळखू आले नाही.

या आजारात अनेक रुग्ण दिवस मावळताना बेचैन होतात, येरझाऱ्या घालतात, बाहेर जाऊ पाहतात. मराठीत या वेळेला कातरवेळ असे फार जुने आणि फार समर्पक नाव आहे, कारण धडधाकट माणसाचे मनही त्या वेळी थोडे हलते; ज्याचे काळवेळेचे भानच निसटू लागले आहे, त्याच्यासाठी लांबणाऱ्या सावल्या आणि दिवसभराचा शीण हे दोन्ही मिळून भीतीचे रूप घेतात. सासूबाई साडेपाचच्या सुमारास पदर खोचून, हातात कापडी पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहत आणि कडी खडखडवत म्हणत, "अंधार पडायच्या आत घरी पोचायला हवं, आई वाट बघत असेल." त्यावर लेखिका रोज एकच उत्तर देत असे: "आई, हेच तुमचं घर आहे, पन्नास वर्षं राहताय इथं." खरे सांगितले की समजूत पटेल, असे मानणे ही पहिली चूक होती. या आजारात अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या बऱ्याच काळ टिकतात, त्यामुळे सासूबाईंच्या दृष्टीने घर म्हणजे माहेर, आणि वाट बघणारी आई जिवंत. लेखिकेचे खरे उत्तर त्यांच्या कानी पडत होते ते एका अनोळखी बाईने वाट अडवून धरल्यासारखे. पुढे समजूत घालणे सोडून दिल्यावर, आणि त्याऐवजी वाटेत ओढा लागतो का, अंगणात कोणते झाड आहे, असे विचारू लागल्यावर, त्या पिशवी खाली ठेवून उत्तरे देत बसत.

दुसरी चूक अधिक खोल होती, आणि तिचे मूळ लाजेत होते. सासूबाईंनी एकदा शेजारच्या काकूंवर पाटली चोरल्याचा आळ घेतला (पाटली तांदळाच्या डब्यात सापडली), त्यानंतर लेखिकेने घरात माणसे येणेच हळूहळू बंद करून टाकले. हळदीकुंकू थांबले, दुपारचा चहा थांबला, पुण्याहून नणंद फोन करी तेव्हा "सगळं ठीक आहे" एवढेच सांगितले जाई. "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त," असे नणंदेने म्हटले की लेखिकेला ती पावती वाटे, आणि ते वाक्य खोटे ठरू नये म्हणून आणखी काही महिने निघत.

स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980मध्ये अशा शुश्रूषा करणाऱ्यांच्या भाराची मोजणी केली, तेव्हा अपेक्षेच्या उलट गोष्ट पुढे आली: रुग्णाचे वागणे किती त्रासदायक आहे यावर तो भार ठरत नव्हता, तर इतर नातलग रुग्णाला भेटायला किती वेळा येतात याच्याशी त्याचा संबंध दिसत होता. हा अभ्यास केवळ 29 कुटुंबांचा होता, तरी लेखिकेच्या चार वर्षांचे यापेक्षा नेमके वर्णन दुसरे नाही. आजार तिच्या हाती नव्हता. दार मात्र तिनेच लावून घेतले होते.

चौथ्या वर्षीच्या श्रावणात एका संध्याकाळी, सलग तीन रात्री धड झोप झालेली नसताना, लेखिकेने सासूबाईंचा हात कडीवरून हिसडून काढला. दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना त्यांच्या मनगटावर, बांगडी असते तेथे, निळसर रेघ उमटलेली दिसली. त्यांना ती कशाने आली हे आठवत नव्हते. त्या तिच्याकडे पाहून हसल्या आणि पाणी छान कोमट आहे म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांना तपासायला घरी आलेल्या डॉक्टरांनी सहज लेखिकेचाही रक्तदाब पाहिला, तो 170/110 भरला.

या रागामागे अनेकदा दुःख असते, हे समजून घेणे आवश्यक आहे. पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाला जे नाव दिले त्याचा अर्थ संदिग्ध वियोग असा करता येईल: माणूस समोर बसलेले आहे, पण ज्याच्याशी नाते होते ते माणूस तेथे नाही, आणि मृत्यू झालेला नसल्यामुळे शोक करण्याची मुभाही नाही. ज्या सासूबाईंनी लेखिकेला पुरणाचा कट कसा साधायचा ते शिकवले, त्या तिला "तुम्ही कोण?" असे विचारत, तेव्हा रडायला येणे हा दुबळेपणा नव्हता, आणि ते रडणे दाबल्यामुळेच ते संध्याकाळी दाराशी रागाचे रूप घेऊन बाहेर येत होते.

रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे करून दाखवले: परिस्थिती बदलता येते तेथे ती बदलणे, आणि बदलता येत नाही तेथे आपल्या भावना सांभाळणे. शुश्रूषेत घोटाळा असा होतो, की न बदलणाऱ्या आजाराशी माणूस झगडत राहते आणि बदलता येण्याजोगी घडी तशीच सोडून देते. या घडीत पहिली गोष्ट झोपेची आहे. आठवड्यातून किमान दोन रात्री दुसऱ्या कोणी तरी उशाशी असावे, मग घरकाम थोडे मागे पडले तरी चालेल. मदत मागताना ती मोघम मागू नये, कारण "काही लागलं तर सांग" असे म्हणणारी माणसे मनापासून म्हणत असली तरी त्यांना काय करायचे ते ठाऊक नसते. वार, वेळ आणि काम सांगितले की बहुतेक जण येतात. लेखिकेने नणंदेला प्रथमच सगळे मोकळेपणाने सांगितले, तेव्हा ती फोनवर बराच वेळ गप्प राहिली आणि पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला चार दिवस राहायला येऊ लागली. बोलायला कोणीच नसेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि ज्येष्ठांसंबंधीच्या मदतीसाठी 14567 हा क्रमांक आहे. रुग्णाचे वागणे एक-दोन दिवसांत एकाएकी बिघडले तर आजार वाढला असे गृहीत न धरता डॉक्टरांना दाखवावे, कारण अनेकदा त्यामागे लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा शरीरातील पाणी कमी होणे असे बरे होण्याजोगे कारण असते. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत, त्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

हातांना लागलेली सवय बरीच उशिरापर्यंत टिकते, आणि कातरवेळेसाठी तिचा फार उपयोग होतो. शेवटची दोन वर्षे सव्वापाच वाजता घरातले दिवे लावले जात, सासूबाईंसमोर कापसाचा डबा आणि वाटीत थोडे दूध ठेवले जाई, आणि त्या वाती वळायला बसत. ज्यांच्यावर आळ घेतला गेला होता त्या शेजारच्या काकू सोमवारी आणि गुरुवारी त्यांच्याजवळ बसत, त्या वेळात लेखिका गावातल्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चालून येई. सासूबाईंना काकूंचे नाव कधीच आठवले नाही. पण काकूंची वात सैल झाली की त्या ती हातातून काढून घेत, उलगडत, आणि बोटाला दुधाचा ओलावा लावून पुन्हा घट्ट वळून देत.