आजोबांचा चष्मा घरी विसरू नका

आपल्याकडे कोणी दवाखान्यात दाखल झाल्याची बातमी गावभर व्हायला वेळ लागत नाही. संध्याकाळी भेटीची वेळ सुरू झाली की हातात पिशव्या घेतलेली मंडळी जिना चढू लागतात. पिशवीत सफरचंदे, बिस्किटांचे पुडे, एखादे शहाळे. कॉटभोवती आठ-दहा माणसे उभी राहतात. 'कसं काय झालं?' असे प्रत्येकजण नव्याने विचारतो आणि रुग्ण बिचारा तीच हकिगत नव्याने सांगतो. यामागची माया खोटी नसते. परंतु तासाभराने ही मंडळी परततात, तेव्हा रुग्णाचे पाण्याचे भांडे रिकामेच असते, चष्मा घरीच राहिलेला असतो आणि कॉटशेजारी सतरंजीवर तीन रात्री काढलेली सून अजून जेवलेली नसते.

पाणी, चष्मा, सुनेचे जेवण या गोष्टींना आपण उपचार समजत नाही. उपचार म्हणजे सलाईन, इंजेक्शन आणि ऑपरेशन, अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात म्हातारा रुग्ण पायांवर चालत घरी जातो की अंथरुणाला खिळून जातो, हे बऱ्याच वेळा या बारीकसारीक कामांवरही ठरते.

खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. सत्तरी ओलांडलेल्या आजी न्हाणीघरात पाय घसरून पडतात, खुबा मोडतो, ऑपरेशन व्यवस्थित पार पडते. घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. दुसऱ्या रात्री आजी अचानक बरळू लागतात. मुलाला ओळखत नाहीत, सलाईनची नळी ओढतात, 'मला घरी सोडा' म्हणून कॉटवरून उतरू पाहतात. जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत. कोणी वेड लागले म्हणतो, कोणी बाहेरची बाधा. वैद्यकशास्त्रात याला डिलिरियम म्हणतात. मेंदूची ही तात्पुरती गोंधळाची अवस्था असते. शरीरातील पाणी किंवा मीठ कमी होणे, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, दुखणे, झोप न होणे, एखादे औषध, अशी अनेक कारणे त्यामागे असतात. बहुतेकांची ती हळूहळू ओसरते. परंतु तेवढ्या दिवसांत रुग्ण पडू शकतो, खाणेपिणे सुटते, चालण्याचा सराव लांबतो, आणि अंथरुणावर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्युमोनिया आणि पाठीच्या जखमा गाठतात.

अमेरिकेत डॉ. शॅरन इनोये व त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीच्या पुढील ८५२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांसाठी त्याखेरीज काही साधी कामे नेमाने केली गेली. चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ ठेवणे, आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, हे बोलता बोलता सांगणे, पाणी पाजणे, हाताला धरून चालवणे, रात्री झोपताना गरम पेय देऊन पाठ चोळणे आणि गोंगाट कमी करणे. यांतील बरीचशी कामे शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी केली. नेहमीच्या उपचारांत शंभरातील १५ जणांना डिलिरियम झाला, तर या दुसऱ्या गटात सुमारे १० जणांना. आणखी एक गोष्ट आढळली, ती फार महत्त्वाची आहे. डिलिरियम एकदा सुरू झाल्यावर त्याची तीव्रता कमी करण्यात या कामांचा विशेष उपयोग झाला नाही. म्हणजे हे सर्व पहिल्या दिवसापासूनच करायचे आहे.

आता पाहा, यातील कोणते काम आपल्या घरच्या माणसाला येत नाही? ज्या आजोबांना चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नाही, त्यांच्या भोवती परक्या आकृत्या वावरू लागल्या तर ते घाबरणारच. कवळी घरी राहिली तर भाकरी सोडा, मऊ भातही नीट चावत नाही, मग 'आजोबा जेवतच नाहीत' अशी तक्रार होते. तेव्हा ॲडमिट करताना फायलीबरोबर चष्मा, कवळी, कानाचे यंत्र आणि एक मोठ्या आकड्यांचे घड्याळ पिशवीत टाका. दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री दिवा मंद करा. वॉर्डात रात्री दहानंतर मोबाइलवर गाणी लावणाऱ्यांना काय म्हणावे! फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात गोंगाटावर एक प्रकरण आहे. खोटा धीर देणाऱ्या आणि न मागता सल्ले देणाऱ्या भेटीकरूंवर आणखी एक स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही प्रकरणे आपल्या वॉर्डांना आजही लागू पडतात.

एवढे करूनही रुग्ण बरळू लागलाच, तर रागावू नका, वाद घालू नका, हसू तर नकाच. हात हातात घ्या, आपले नाव सांगा, 'आपण दवाखान्यात आहोत, मी इथेच आहे' असे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. आणि सिस्टरना त्याच वेळी कळवा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

मायेपोटी केलेल्या काही गोष्टी मात्र अंगाशी येतात. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी 'घोटभर चहाने काय होतंय' म्हणून चहा पाजणारी एखादी मावशी असतेच. दुधाचा चहा हे अन्नच आहे. भूल दिल्यावर उलटी होऊन ते श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतू शकते. म्हणून असा चहा घेतल्याचे कळले की ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. चुकून काही दिलेच असेल तर लपवू नका. शहाळ्याचेही तसेच. त्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाला ते बाधू शकते, तेव्हा विचारल्याशिवाय देऊ नका. गुंगीत असलेल्या किंवा आडव्या झोपलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पेज घालू नका. त्याला उठवून बसवा, पुरता जागा होऊ द्या, मग भरवा. आणि ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर प्रेमाने चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

रुग्णाइतकीच माया सोबत करणाऱ्याच्या वाट्याला यायला हवी, आणि ती सहसा येत नाही. औषधे आणायची, रक्ताचे नमुने पोचवायचे, रात्रभर जागायचे, शिवाय येणाऱ्या प्रत्येकाला चहा विचारायचा. अशा माणसाला 'काही लागलं तर सांगा' म्हणून निघून जाण्यापेक्षा 'तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून झोपा, आजची रात्र मी बसतो' असे म्हणावे. भाजी-भाकरीचा गरम डबा हा सफरचंदांपेक्षा कधीही मोलाचा. शिकलेल्या शेजाऱ्याला आणखी एक काम करता येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी जाऊन चौकशी करावी. घाबरलेल्या कुटुंबाला हे सुचत नाही, आणि पुढे बिलाच्या वेळी दागिने गहाण पडतात.

आम्हा डॉक्टरांनाही यात थोडे सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमधील डॉ. केट ग्रेंजर या स्वतः कर्करोगाच्या रुग्ण होत्या. २०१३ साली रुग्णालयात असताना त्यांच्या लक्षात आले, की तपासायला येणारी अनेक माणसे आपले नावसुद्धा सांगत नाहीत. त्यांनी 'नमस्कार, माझे नाव अमुक' एवढे म्हणण्याची मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये त्या वारल्या, मोहीम मात्र टिकली. आपल्याकडे तर रुग्णाला 'बारा नंबरची कॉट' म्हणण्याचीच पद्धत आहे. रुग्णानेही सफाई करणाऱ्या मावशींना नावाने हाक मारून पाहावी, वॉर्डातले वातावरण बदलते.

डिस्चार्जनंतरचे दिवस अधिक कठीण असतात. पहिला आठवडा घरात वर्दळ असते. तिसऱ्या आठवड्यात कोणी फिरकत नाही, आणि खुब्याच्या रुग्णाला हिंडूफिरू लागायला पुढे काही महिने लागतात. खरी गरज तेव्हा असते. कॉटपासून मोरीपर्यंतच्या वाटेतली सतरंजी आणि पायपुसणे उचलून ठेवा, रात्री लहान दिवा लावा, मोरीत आणि संडासात धरायला दांडी बसवून घ्या. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने रोज संध्याकाळी दहा मिनिटे वॉकर धरून आजींना ओसरीवर फेऱ्या घालायला सोबत केली, तर त्या सरावाची तोड कोणत्याही टॉनिकला नाही. मात्र किती चालायचे, पायावर किती भार द्यायचा, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. आजींचे केस कोणीतरी विंचरून वेणी घालून द्यावी. आजोबांची दाढी करायला कारागीर घरी बोलवावा. आरशात आपला नेहमीचा चेहरा दिसला की माणूस जेवणही दोन घास जास्त घेतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. गोळ्यांची पाकिटे सकाळ, दुपार, रात्र अशा तीन डब्यांत भरून द्या, अक्षर न वाचणाऱ्यासाठी डब्यांवर सूर्य आणि चंद्र काढा. आणि फेरतपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहून, त्या दिवशी बरोबर कोण जाणार आणि रिक्षा कोण आणणार, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.