बढती कशाने मिळते?



गळीत हंगाम उताराला लागला, की शेती खात्याच्या ऑफिसात ऊसतोडीच्या तक्रारी कमी होतात आणि दुसरा एक विषय सुरू होतो. "साहेब, पोरगं सहा हंगाम स्लिपबॉयच आहे, त्याचं पुढं काही होईल का?" आणि पाठोपाठ, "कुणाला सांगावं लागेल?" यातल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नात मात्र माणसं फार वर्षे घालवतात, म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कारखान्यात पदे ठरलेली असतात. त्याला आकृतिबंध म्हणतात. वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालचा माणूस वर जात नाही, मग तो कितीही गुणी असो. कुणी निवृत्त होतो, कुणी दुसऱ्या कारखान्यात जातो, कधी विस्तारवाढ होते, तेव्हाच दार उघडते. ते उघडेल त्या दिवशी आपल्याजवळ काय आहे, एवढेच आपल्या हातात असते. हंगामी माणसाला तर कायम होणे हीच पहिली बढती. हंगाम संपल्यावर त्याला रिटेन्शन भत्त्यावर घरी बसावे लागते, आणि तो भत्ता किती हे त्याच्या घरच्यांना विचारा.

आता कामाकडे येऊ. काही जागा अशा आहेत, की तिथे नुसती वर्षे मोजून चालतच नाही. बॉयलर घ्या. फायरमनने वीस हंगाम भट्टीपुढे काढले, तरी बाष्पके संचालनालयाची परीक्षा पास होऊन बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय त्याच्या ताब्यात बॉयलर देता येत नाही. हा नियम कारखान्याचा नाही, कायद्याचा आहे. १९२३ सालचा बॉयलर कायदा जाऊन २०२५ साली नवा आला, तरी जाणता माणूस लागतो ही अट काही सुटलेली नाही. पाण्याची काच कशी तपासायची, पातळी अचानक खाली गेली तर आधी काय बंद करायचे, हे परीक्षेत तोंडी विचारतात. काम करणाऱ्याला ते हाताने येत असते, पण तोंडाने सांगता येत नाही. तिथेच आपली माणसं मार खातात. रोज पाळी संपल्यावर दहा मिनिटे अटेंडंटला 'हे असं का?' म्हणून विचारलं, तर दोन हंगामांत तोंड उघडतं.

पॅनवरही तेच. साखरेचा दाणा कसा धरायचा ही हातोटी जुन्या पॅनमनकडून शिकावी लागते. पण त्याला शास्त्राची जोड हवी असेल तर कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ पासून आहे, आणि आपल्या जवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून आहे. प्रयोगशाळेत विज्ञान शिकलेल्या मुलींनाही वाव आहे. पाळीच्या कामाला मुलगी कशी पाठवावी, असे म्हणणाऱ्या बापाने ओझर, सातपूर, अंबडला पाळीने कामाला जाणाऱ्या मुली एकदा बघून याव्यात.

माझ्या स्वतःच्या खात्याबद्दल जरा जास्त लिहितो. फील्डमनचे काम सोपे दिसते. मोटारसायकल आहे, वही आहे, चहा आहे. प्रत्यक्षात कारखान्याचा उतारा त्या वहीत ठरतो. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि पाण्याची सोय एवढ्या पाच नोंदी खऱ्या असल्या, तर तोडीचा कार्यक्रम खरा. को ८६०३२ बारा महिने पुरे होण्याआधी तोडला, तर साखर शेतातच राहते. तारीख वहीत महिनाभर मागे लिहिली, की कच्चा ऊस पक्का होऊन गव्हाणीत येतो. हे कोण लिहायला लावतो? बहुतेक वेळा भाऊबंद, कधी गावचा वजनदार माणूस. "एवढी तारीख सरकव, तुझ्या बापाचं लग्न आम्ही जमवलं," इथपर्यंत बोलणं जातं. ज्याला तिथे हसून, न भांडता 'नाही' म्हणता येते, तोच पुढे ओव्हरसिअर म्हणून उभा राहू शकतो. ज्याला ते जमत नाही, त्याची वही सुंदर अक्षरात असली तरी कामाची नाही.

हँड रिफ्रॅक्टोमीटरचेही असेच. बांधावरचा एक ऊस मोडून ब्रिक्स लिहिणारे पुष्कळ. खरा माणूस प्लॉटमध्ये आत शिरतो, चार ठिकाणचे ऊस घेतो आणि शेंड्याकडचा व बुडख्याकडचा रस वेगवेगळा बघतो. दोन्ही आकडे जवळ आले, की ऊस तोडीला आला.

याचा हिशेब सभासदाने करून बघावा. समजा हंगामात चार लाख टन गाळप झाले. उतारा नुसता ०.१ टक्का वाढला, तरी ४,००० क्विंटल साखर जास्त पडते. २०१९ साली ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने धरली, तरी ती १ कोटी २४ लाखांची होते. सभासदाच्या बाजूने बघितले, तर २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा, असे ठरले. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. तेव्हा फील्डमनच्या बढतीशी आपला काय संबंध, असे कुणी म्हणू नये. वशिल्याने वर गेलेला माणूस सभासदाच्याच बिलातून जेवतो.

वशिला चालत नाही, असे मी लिहिले तर तुम्ही हसाल. चालतो. पण वशिल्याने खुर्ची मिळते, काम मिळत नाही. मिल अडली, की रात्री दोन वाजता चिफ इंजिनिअर शिफारसपत्रवाल्याला उठवत नाहीत. ज्याला रोलरची फट लावता येते त्यालाच उठवतात. असे चार वेळा झाले, की त्या माणसाचे नाव टाळणे संचालकांनाही अवघड जाते. हे नाव बंद हंगामात तयार होते. जूननंतर मिल, पंप, टर्बाइन उघडलेले असतात. यंत्राचे पोट बघायला तेवढेच चार महिने मिळतात. त्या वेळी शेतीचे निमित्त काढून रजेवर जाणारा यंत्र बाहेरूनच ओळखतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पीटर नावाच्या, कॅनडात जन्मलेल्या एका शिक्षकाने १९६९ साली पुस्तक लिहून असे मांडले, की माणसाला बढती मिळत मिळत तो शेवटी न झेपणाऱ्या जागेवर जाऊन अडकतो. आपल्याकडेही उत्तम फिटर फोरमन होतो आणि दुःखी होतो. त्याला पाना चालवायचा असतो, माणसं चालवायची नसतात. म्हणून वरच्याची रजा असेल तेव्हा त्याचे काम आठ दिवस मागून घ्यावे. झेपते की नाही ते कळते, वरिष्ठांनाही दिसते. आणि हाताखालच्याला आपले काम शिकवून ठेवावे. 'याच्याशिवाय हे काम होत नाही' अशी ज्याची ख्याती, त्याला तिथून कुणी हलवत नाही.

हे सगळे आज जास्त निकडीचे आहे. आपल्या जिल्ह्यात गिरणा, निफाड, नाशिक, वसाका अशी धुराडी एकेक करून थंड पडली. काही पुढे भाडेतत्त्वावर पेटली. ऊस कमी आणि द्राक्ष, कांदा, टोमॅटो जास्त, अशा मुलखात कारखान्यातली नोकरी जन्माची धरून चालत नाही. सेवाज्येष्ठता त्या गेटापुरती असते. बॉयलरचे प्रमाणपत्र दुसऱ्या गेटावरही दाखवता येते.

परीक्षेच्या अर्जाला अनुभवाचा दाखला लागतो. तो हजेरीवरून निघतो. कोणत्या खात्यात, कोणत्या कामावर, किती हंगाम, हे त्यात स्पष्ट हवे. नुसते 'हंगामी कामगार' एवढेच लिहिलेला दाखला परत येतो. तेव्हा आपले काम हजेरीत बरोबर नोंदले जाते ना, हे टाइम ऑफिसात जाऊन हंगाम चालू असतानाच पाहून घ्यावे. मे महिन्यात कारकून लग्नाला गेलेले असतात.