घुबडाचे नाणे

आपल्याकडे बायका पुतळ्यांची माळ घालतात. ग्रीस देशातही नाण्यांचे दागिने करतात. त्यांतले अथेन्स शहराचे नाणे फार नावाजलेले. ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे. चांदीचे, वजन सुमारे 17 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड तोळा.

एका बाजूस अथेना देवीचे मुख आहे. दुसऱ्या बाजूस घुबड. आपण घुबडाला अशुभ म्हणतो. तिथे ते देवीचे लाडके!

घुबडामागे ऑलिव्हची डहाळी आहे. तिची कथा अशी. शहर कोणाचे, यावरून समुद्राचा देव पोसायडन आणि अथेना यांचे भांडण जुंपले. देवाने खडकावर त्रिशूळ मारला. पाणी निघाले, पण खारट. देवीने ऑलिव्हचे झाड दिले. फळ मिळाले, तेल मिळाले. निवाडा देवीकडे लागला, आणि शहराला तिचे नाव पडले.

घुबडापुढे तीन अक्षरे आहेत : अ, थ, ए. म्हणजे 'अथेन्सकरांचे'. अडीच हजार वर्षे ती टिकली. पण माळेत ओवायला कोणी नाण्याला भोक पाडले, तर एखादे अक्षर कायमचे जाते. मग वाचणार काय? म्हणून आम्हांला वाटते, गळ्यात नक्कलच घालावी. तिथले सोनार अशा नकला करून विकतात, आणि त्या दिसतातही छान.